काल तोंडात काय काय गेलं

बारामतीतल्या एका दवाखान्यात मी बरीच वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आहे. डॉक्टरांच्या खोलीला लागूनच माझी लहानशी खोली आहे. तिथं एक वजनकाटा, भिंतीवर भाज्याफळांचं चित्र आणि टेबलावर छापील कागदांचा गठ्ठा. शुगरचा पेशंट डॉक्टरांकडून बाहेर पडला की माझ्याकडे येतो. मी त्याला कागद देते, दहा मिनिटं समजावून सांगते, तो मान डोलावतो आणि जातो. कागदावर सकाळी सातला काय घ्यावं, अकराला काय घ्यावं, दुपारी काय, रात्री काय, सगळं ओळीनं दिलेलं असायचं. तो मीच तयार केला होता आणि मला त्याचा थोडा अभिमानही होता.

मोरगाव रस्त्यावरच्या एका कोरडवाहू गावातून एक म्हातारे गृहस्थ दर महिन्याला यायचे. सत्तरी ओलांडलेले, उंच, काटक, डोक्याला गुलाबी पटका. घरात पूर्वी मेंढरं होती, ती कधीच गेली. आता थोडी बाजरी, थोडी ज्वारी. सगळे त्यांना आबा म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागले. माझ्या खोलीत ते पायताण दाराबाहेर काढून येत आणि खुर्चीच्या कडेवर बसत.

"आबा, कागदाप्रमाणं चाललंय ना?"

"व्हय बाई."

"गोड बंद आहे?"

"व्हय."

"भात?"

"भात न्हाय खात आमी."

आणि दर महिन्याला शुगर आधीपेक्षा जास्त. सहा महिन्यांत डॉक्टरांनी तीनदा गोळ्या वाढवल्या. मी त्यांच्या फाइलवर 'आहार पाळत नाहीत' असं लिहून मोकळी झाले होते.

एका दुपारी गर्दी नव्हती. आबांची एसटी सुटायला तासभर होता आणि ते माझ्याच खोलीबाहेर बाकावर बसून राहिले होते. मला एकाएकी प्रश्न पडला की हा माणूस मला फसवतोय असं मी कशावरून ठरवलं? त्याच्या चेहऱ्यावर तर खोटं बोलणाऱ्याचा कसलाच भाव नसतो. मी त्यांना आत बोलावलं आणि कागदांचा गठ्ठा बाजूला सारला.

"आबा, हे राहू द्या. काल उठल्यापासून तुमच्या तोंडात काय काय गेलं तेवढंच सांगा. मी रागावणार नाही."

त्यांनी प्रश्न फार मनावर घेतला. डोळे मिटले, एक बोट दुमडलं.

"उठलो. मिसरी लावली. त्ये बी तोंडातच गेलं म्हनायचं."

"हो, चालेल."

"मग च्या. च्यात दोन टोस्ट. मग रानात चक्कर मारली. आलो, परत च्या. मग दुकानाच्या कट्ट्यावर बसलो, तितं बिस्किटाचा पुडा फोडला. दुपारी च्या आन खारी. मग जरा पडलो. दिवस मावळताना पुतण्याच्या घरनं दोन भाकरी आन कालवण येतंय, त्ये खाल्लं. झालं."

"आणि दुपारचं जेवण?"

"न्हाय."

"का बरं?"

त्यांनी थोडक्यात सांगितलं. बायको जाऊन दीड वर्ष झालं होतं. मुलगा आणि सून पुण्यात नोकरीला. मग त्यांनी खिशातून घडी घातलेला माझा कागद काढला. सहा महिन्यांपूर्वीचा, घड्यांवर फाटत आलेला.

"मला वाचता येतंय, बाई. चौथीपातूर गेलोय साळंत. पर ह्यात समद्या ओळीत 'घ्यावे' लिवलंय. एक वाटी उसळ घ्यावी. दोन फुलके घ्यावेत. पर द्यायला कोन हाय? कुणी दिलं तर मी घीन."

मी तो कागद पुन्हा वाचला. खरंच, प्रत्येक ओळीच्या शेवटी 'घ्यावे' होतं. इतकी वर्षं मी जे लिहीत होते ते जणू कुठल्यातरी घरात, कुठल्यातरी बाईनं आधीच शिजवून ठेवलेलं असणार, असं मी धरूनच चालले होते.

"मी रविवारी तुमच्याकडं आले तर चालेल का?" मी विचारलं.

"या की. पर तितं खायला काय मिळंल त्ये तुमाला ठावं झालंय आता."

रविवारी सकाळच्या एसटीनं मी गेले. दोन खोल्यांचं घर, पुढं शेणानं सारवलेलं अंगण, शेजारी पुतण्याचं घर. स्वयंपाकाची खोली स्वच्छ होती, इतकी स्वच्छ की तिथं काही शिजत नाही हे लगेच कळावं. फळीवर डबे उंचीप्रमाणं लावलेले. आबांना मी विचारलं, हळद कुठाय. त्यांनी चार डबे उघडून पाहिले. त्या खोलीत ते पाहुण्यासारखे वावरत होते. मोहरी सापडली तेव्हा त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

"ही हितं ठिवायची व्हय ती," ते म्हणाले आणि डबा पुन्हा अगदी त्याच जागी ठेवला.

मी ठरवून गेले होते की पहिल्या दिवशी बाजरीची भाकरी आणि पिठलं शिकवायचं. दोन्ही सोपं, दोन्ही त्यांच्या ओळखीचं. पीठ घरात होतं. मी परातीत पीठ घेतलं, पाणी घातलं, मळलं आणि थापायला बसले. निम्मी भाकरी थापून झाली आणि कडेनं चिरा पडल्या. तव्यावर टाकताना तिचे दोन तुकडे झाले. दुसरी भाकरी हातातच तुटली. तिसरी कशीबशी तव्यावर पोचली आणि पालीच्या पाठीसारखी खवलेखवले झाली.

आबा उंबऱ्यात बसून सगळं पाहत होते. हसले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "बाई, एक इचारू? काल उठल्यापासनं तुमच्या तोंडात काय काय गेलं?"

मी खोटं सांगू शकले असते. माझा नवरा बदलीच्या गावी असतो, मुलगी होस्टेलला. सकाळी चहा आणि बिस्किटं. दुपारी मेसचा डबा, त्यातल्या पोळ्या अर्ध्या टाकून दिलेल्या. चार वाजता कॅन्टीनचा वडापाव. रात्री पाकिटातल्या नूडल्स, कारण एकटीसाठी काय रांधायचं. हे सगळं मी भाकरीचे तुकडे गोळा करता करता सांगितलं.

आबांनी विचार केला. "मंजी तुमाला बी कुणी देत न्हाय," ते म्हणाले.

त्या दिवशी आम्ही भाकरीचे तुकडे पिठल्यात कुस्करून खाल्ले. पिठलं आबांनी ढवळलं होतं. गुठळ्या होत्या, पण ते त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा केलेलं कालवण होतं. ते एकेक गुठळी बोटानं फोडून तिच्या आत कोरडं पीठ का राहिलं असेल याचा तपास करत होते.

त्यानंतर मी दर रविवारी जायला लागले. का जात होते हे मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. दवाखान्याचं काम म्हणून नक्कीच नाही, कारण तिथं मी कुणाला सांगितलंच नव्हतं. मला उत्सुकता होती. माणसं खरोखर काय खातात हे मला माहीत नव्हतं आणि इतकी वर्षं माहीत आहे असं मी समजत होते.

दुसऱ्या रविवारी मी बाजारातून पालक घेऊन गेले. आबांनी जुडी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "ही कशाला आणली? चला माज्यासंगं."

पाऊस होऊन गेलेला होता. बांधाच्या कडेनं ते पुढं आणि मी मागं. पुतण्याच्या चार शेळ्या तिथंच चरत होत्या. आबा पटकन वाकले. "ह्यो तांदूळजा. ही पाथरी, ही कच्चीच भाकरीसंगं खायाची. ही घोळ. त्यो तिकडं कुरडू." दहा पावलांत माझी पिशवी निम्मी भरली.

"शेळ्या जे खातात ते माणसाला चालतं का?" मी विचारलं.

"न्हाय, न्हाय. शेळी रुईला बी तोंड लावती. तिच्या नादाला लागून कसं चालंल? आमची ही मेंढरामागं चालताना वटीत भाजी गोळा करायची. ती कुठं वाकती, त्ये मी बघायचो. चाळीस वरसं बघितलं." त्यांनी पिशवीत आणखी एक मूठ टाकली. "तोडायचं मला ठावं हाय. फुडचं तिला ठावं हुतं."

पुढचं आम्ही दोघांनी मिळून शोधून काढलं. तांदूळज्याला किती लसूण, पाणी घालायचं की नाही, कुरडू आधी वाफवायचा का. काही भाज्या मी पहिल्यांदाच शिजवत होते. एकदा घोळ इतकी आंबट झाली की आम्ही दोघंही तोंड वाकडं करून बसलो, मग त्यात मूठभर डाळ घातली आणि ती बरी लागली. आबा प्रत्येक वेळी विचारत, "असं का झालं?" दवाखान्यात मला हा प्रश्न क्वचितच कुणी विचारला होता. बायका विचारतात किती आणि कधी, कारण बाकीचं त्यांना येत असतं. आबांना काहीच येत नव्हतं, त्यामुळे त्यांना सगळ्याचं कारण हवं असायचं.

गावातलं किराणा दुकान ज्यांचं होतं, त्यांना सगळे चाचा म्हणत. साठीचे, गोरे, नीटनेटके गृहस्थ. त्यांच्याच कट्ट्यावर आबा रोज बिस्किटाचा पुडा फोडायचे. आबांनी एक दिवस पुडा घेतला नाही, दुसऱ्या दिवशीही घेतला नाही. तिसऱ्या दिवशी चाचांनी कारण विचारलं आणि त्या रविवारी ते स्वतःच आबांच्या अंगणात येऊन उभे राहिले.

"मॅडम, मला बी शिकवा," ते म्हणाले. "घरात बायकोचा उजवा हात चालंना झालाय, लकवा मारून गेल्यापासनं. पोरी नांदत्या घरी. सहा महिने झालं, मी रोज खिचडी करतोय. ती काय बोलत न्हाय, पर आता ताट बघितलं की तोंड फिरवती."

मग चाचांच्या दुकानामागच्या पडवीत वर्ग भरायला लागला. गॅसची शेगडी त्यांची, भांडी आबांची. चाची आतल्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसायची. तिला बोलायला त्रास व्हायचा, पण फोडणी करपायला लागली की ती डाव्या हातानं खुर्चीचा दांडा वाजवायची. आमच्यात सगळ्यात अचूक शिक्षक तीच होती. कांदा कधी पुरे झाला हे मी घड्याळात बघून सांगायचे, ती वासावरून.

पुढच्या आठवड्यात एक निवृत्त एसटी कंडक्टर येऊन मिळाले. त्यांची बायको नातवंडाला सांभाळायला पुण्याला राहिली होती. त्यांना मोड आणण्याचं भारी नवल वाटायचं. मटकी एकदा फडक्यात बांधून, एकदा स्टीलच्या डब्यात, एकदा नुसती चाळणीत ठेवून ते तिन्ही नमुने कागदात गुंडाळून घेऊन आले आणि माझ्यासमोर मांडले. "फडक्यातली पुढं गेली," ते म्हणाले, "पण का? हवा तर तिन्हीकडं तीच." फडकं ओल धरून ठेवतं म्हणून असेल, असं मी म्हटलं. पुढच्या वेळी ते चाळणीवर ओलं फडकं टाकून आले.

सगळं असं छान चाललं होतं. आबांचा चहा तीनवरून एकावर आला होता. दुपारी हुलग्याचं पिठलं किंवा मटकीची उसळ, भाकरी अजून तुटकी, पण भाकरीच. मी फार खूश होते. आणि त्या खुशीत मी एक मोठी चूक केली.

एका गुरुवारी सकाळी दवाखान्यात असताना चाचांचा फोन आला. आवाज शांत होता, पण घाईचा. "मॅडम, आबा कट्ट्यावर येऊन बसले आन घामानं भिजले. हात थरथरत्यात, भलतंच बोलायला लागलेत. मी साखर चारली तोंडात. आता जरा बरं वाटतंय. गाडीत घालून आणतोय."

आबांनी सकाळी उठून गोळ्या घेतल्या होत्या. चहा-टोस्ट बंद, उसळ शिजायची होती म्हणून तशीच झाकून रानात खुरपायला गेले. तीनदा वाढवलेल्या त्या गोळ्या, आणि पोटात काहीच नाही. शुगर एकदम खाली गेली होती.

डॉक्टरांनी त्यांना तपासलं, रिपोर्ट पाहिला आणि मला विचारलं, "यांचं खाणं बदललंय?"

"हो. दोन महिन्यांपासून."

"मला कुणी सांगितलं नाही."

सांगायचं काम माझं होतं. पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं होतं, म्हणजे त्यांनी गोळ्या कमी केल्या असत्या. मी सांगितलं नव्हतं, कारण ती रविवारची गोष्ट माझी एकटीची होती आणि पुढच्या महिन्याच्या रिपोर्टात आकडा उतरलेला दाखवून मला सगळ्यांना चकित करायचं होतं. हे मी डॉक्टरांना तसंच सांगितलं. त्यांनी दोन गोळ्या बंद केल्या आणि आबांना बजावलं की गोळी घेतली की अर्ध्या तासात खायचंच, आणि खिशात साखरेची पुडी ठेवायची.

मी आबांच्या खाटेजवळ जाऊन बसले. "माझी चूक झाली, आबा."

"तुमी काय गोळ्या चारल्या व्हय?" ते म्हणाले, पण त्यांचा आवाज थकलेला होता आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

त्या रविवारी मी गावात उतरले तेव्हा स्टॅंडवरच कळलं की गावात काय बोललं जातंय. बारामतीच्या बाईनं आबाला उपाशी ठेवून मारायला घेतलं होतं. आणि पुतण्याच्या घरातून संध्याकाळची भाकरी येणं दोन महिन्यांपूर्वीच बंद झालं होतं, हेही तेव्हाच कळलं. आबांनी ते मला कधी सांगितलं नव्हतं.

मी पुतण्याच्या घरी गेले. त्याची बायको अंगणात भांडी घासत होती. पस्तिशीची, सडपातळ. बसा म्हणाली नाही, पण जा असंही म्हणाली नाही. मी पायरीवर बसले.

"तुमी मॅडम," ती राख हातात घेत म्हणाली. "मी अडाणी बाई. दीड वरीस माज्या हातचं आबांना गोड लागलं. मग तुमी आल्या आन त्येंनी सांगून धाडलं, भाकरी नको, मी करतो. गावानं काय म्हनायचं? सून आसताना सासरा चुलीपुढं बसतो. मी काय इष घालत हुते का?"

दोन महिने मी तिच्या घरावरून जात होते, तिच्या शेळ्यांमागं फिरत होते आणि या बाईशी एक शब्द बोलले नव्हते. तेव्हा मी तोच प्रश्न विचारला, जो मला विचारता येतो. "काल उठल्यापासून तुमचं काय काय खाणं झालं?"

तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. असं तिला कुणी विचारलं नसावं. पहाटे उठून पोरांचे डबे, मग उसाच्या पट्ट्यात दुसऱ्याच्या रानात खुरपायला जीपनं. सकाळी शिळी भाकरी आणि चहा. दुपारी डब्यात भाकरी-चटणी. संध्याकाळी आल्यावर एकदाच चूल पेटवायची, त्यातच आबांच्या दोन भाकरी. कालवण संपलं तर ती चटणीवर भागवायची. हे सगळं तिनं तक्रार म्हणून सांगितलं नाही. आठवून, एकेक जोडत सांगितलं.

"आबांना दुपारचं द्यावं वाटायचं," ती शेवटी म्हणाली. "पर मी घरात नसती. लाज वाटायची मला. बिस्किटं खात्यात म्हातारं, हे काय मला दिसत नव्हतं?"

"मला भाकरी येत नाही," मी म्हटलं. "आबांना मी तुटकी भाकरी शिकवली. तुम्ही दाखवाल का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "येत न्हाय म्हंजी?"

मी तिला पहिल्या दिवशीच्या तीन भाकऱ्यांबद्दल सांगितलं. पालीची पाठ म्हटल्यावर तिच्या ओठांचा कोपरा हलला. हात धुऊन ती उठली आणि तडक आबांच्या घरात गेली. पिठाचा डबा उघडून चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं.

"ह्ये कडू झालंय. बाजरीचं पीठ आठ दिसाच्या वर ठिवत न्हाईत. ह्याची इरी गेली, आता ह्ये चिकटायचं न्हाय. आन पानी गार घेतलं आसंल तुमी."

तिनं आपल्या घरचं ताजं पीठ आणलं, पाणी उकळलं, पिठात ओतून उलथन्यानं कालवलं आणि सोसेल इतकं निवल्यावर मळायला घेतलं. मळताना तिचा तळहात पिठावर जोर देऊन पुढं सरकायचा, परत यायचा. आबा उंबऱ्यात येऊन उभे होते. आत यावं की नाही असा त्यांना प्रश्न पडलेला दिसत होता.

"बसा हितं," ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "मी रोज धा वाजता जाती. शिकून घ्या नीट, न्हायतर चाचांना साखर चारावी लागंल पुन्यांदा."

आबा बसले. त्या दिवशी त्यांची दुसरी भाकरी फुगली. अगदी गोल नव्हती, पण मधोमध फुगली आणि पापुद्रा सुटला. त्यांनी ती तव्यावरून काढून आधी पुतणसुनेच्या हातात दिली. तिनं ती मोडली, एक घास खाल्ला आणि म्हणाली, "मीठ घाला उंद्यापासनं."

त्यानंतर वर्गाची घडीच बदलली. भाकरी ती शिकवायची, फोडणी चाचीच्या दांड्यावर चालायची, आणि मी फक्त सांगायचे की हुलग्यात काय असतं, दही कधी खाल्लेलं बरं, गोळी आणि जेवण यांत किती अंतर हवं. मीच सगळ्यात कमी बोलायचे. आबा दुपारचं जास्तीचं कालवण पुतण्याच्या घरी झाकून ठेवू लागले. ती रानातून यायची तेव्हा तिला फक्त भाकऱ्याच कराव्या लागायच्या. हे कुणी ठरवलं नव्हतं. एके दिवशी त्यांनी ठेवलं आणि तिनं भांडं परत करताना धुऊन दिलं, एवढंच.

आबांची शुगर उतरली. एकदम नाही, आणि लग्नसराईत पुन्हा थोडी वर गेली, कारण पंगतीतली जिलेबी त्यांनी सोडली नाही आणि ते त्यांनी मी न विचारताच मला सांगितलं. चाचांनी एकदा विचारलं होतं, "मॅडम, मी टोस्ट-बिस्किटं विकायची बंद करू का?" दुकान चालायला हवं होतं आणि एसटीतून उतरलेल्या भुकेल्या माणसाला चटकन काहीतरी हवंच असतं. त्यांनी बिस्किटं ठेवली, फक्त फुटाणे आणि भाजलेले शेंगदाणे बरणीत भरून आबांच्या बसायच्या जागेजवळ आणून ठेवले.

दवाखान्यात मी तो जुना कागद देणं थांबवलं. आता पेशंट आला की मी वही उघडते आणि कालच्या दिवसाबद्दल विचारते. वेळ लागतो. बाहेरची माणसं चुळबुळ करतात. पण मला अशा गोष्टी कळल्या आहेत ज्या कुठल्याही पुस्तकात नव्हत्या, आणि मी घरी स्वतःपुरती का होईना रोज दोन भाकऱ्या थापते.

थंडीत चाचा म्हणाले, "भिगवणला माजी सासुरवाडी हाय. मेव्हणा मासळीच्या धंद्यात. चला एकदा, मासा शिकू. तुमीच म्हणता ना, चांगला असतो." म्हणून आम्ही निघालो: चाचा, आबा, कंडक्टर आणि मी. चाचीला शेजारणीनं सांभाळलं. मटण आबांनी पुष्कळ खाल्लं होतं, पण मासा त्यांनी आयुष्यात तोंडात घातला नव्हता. "आमी डोंगराकडची माणसं," ते म्हणाले. "पाण्याकडं मेंढरं पाजायला जायचो, तेवढंच."

मेहुण्याच्या बायकोनं चिलापी साफ करून दाखवली. आबा तिच्या अगदी जवळ उकिडवे बसले. खवले कुठल्या दिशेनं काढायचे, पोट कुठून फाडायचं, मीठ-हळद किती वेळ लावून ठेवायची, सगळं विचारून घेतलं. कालवणात तेल थोडं, चिंचेचं पाणी, भाजलेल्या कांद्याचं वाटण. शिजल्याचं कसं ओळखायचं, असं त्यांनी विचारल्यावर तिनं पळीनं माशाचा डोळा दाखवला. तो पांढरा झाला होता.

ताटं वाढली. आबांनी पहिला घास चाचांकडे बघत घेतला. काटा बोटानं काढला, ताटाच्या कडेला ठेवला, दुसरा काढला, त्याच्या शेजारी ठेवला.

"हाडं लई बारीक हायत," ते म्हणाले. "पर मऊ हाय. म्हाताऱ्याला बरं." मग आणखी एक तुकडा मागून घेतला.

जेवण झाल्यावर आम्ही धरणाच्या पाण्याकडं चालत गेलो. काठाला होड्या उपड्या घातलेल्या होत्या आणि मेहुणा जाळ्याच्या गाठी तपासत बसला होता. आबा बराच वेळ पाण्याकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी मेहुण्याला विचारलं, "पावनं, ह्येंचा कळप असतोय का? का एकेकटं फिरत्यात?"

"चिलापीचा असतो. मरळ एकटा फिरतो," मेहुणा म्हणाला.

"मग कळपात फुडं कोन चालतं? मेंढरात म्होरकी एक असती."

मेहुण्यानं जाळं मांडीवर ठेवलं. इतकी वर्षं मासे धरले, पण हे आपण कधी पाहिलंच नाही, असं तो म्हणाला. कंडक्टरांना वाटलं की मोठा मासा पुढं असणार. चाचा म्हणाले, मोठा शहाणा असतो, तो मागं राहणार. मला काहीच माहीत नव्हतं. तेव्हा मेहुण्यानं एक होडी सरळ केली आणि आबांना हात दिला. त्यांनी पायताण काठावर काढून ठेवलं आणि पाण्यात काय दिसतंय ते बघायला ते होडीत चढले.